‘विद्यार्थिनीची चूक’ एवढ्यावर फाइल बंद करू नका

प्रति,
संस्थेचे संचालक आणि मुख्य प्रशिक्षक,
तसेच विमान चालवायला शिकवणाऱ्या सर्वच संस्थांचे चालक

स.न.वि.वि.

आपल्या संस्थेतील एका विद्यार्थिनीला सोलो उड्डाणात, म्हणजे विमानात एकटी असताना, लँडिंगच्या वेळी अपघात झाला. सेसना १७२ हे प्रशिक्षणाचे लहान विमान रनवेवर टेकले आणि उसळले. पुन्हा टेकले आणि आधीपेक्षा जास्त उसळले. तिसऱ्या वेळी नोजव्हील, म्हणजे नाकाखालचे चाक, आधी आपटले, पुढचा पाय दुमडला, प्रोपेलर रनवेला लागून वाकला आणि विमान नाकावर घसरत कडेच्या गवतात जाऊन थांबले. तिने मिक्स्चरची दांडी ओढून इंजिन बंद केले, इंधन बंद केले, मास्टर स्विच बंद केला आणि ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. कपाळाला टाके पडले, बाकी ती सुखरूप आहे.

आपण चौकशी केली. त्या चौकशीचा निष्कर्ष एका वाक्याचा आहे: उसळलेल्या विमानावर विद्यार्थिनीला नियंत्रण ठेवता आले नाही, सबब अपघात विद्यार्थिनीच्या चुकीमुळे झाला. त्या वाक्याच्या आधारे आपण तिला संस्थेतून काढले, तिची अनामत रक्कम जप्त केली आणि विम्यातून न मिळालेला दुरुस्तीचा खर्च तिच्याकडे मागितला. गोष्ट इथे थांबली असती तर मी आपल्याला खासगी पत्र लिहिले असते. पण त्याच आठवड्यात आपण एक परिपत्रक काढले की, यापुढे लँडिंगमध्ये विमानाचे नुकसान झाल्यास खर्च विद्यार्थ्याकडून वसूल केला जाईल आणि त्याचे प्रशिक्षण थांबवले जाईल. हे परिपत्रक धोकादायक आहे. ते मागे घ्यावे, ही माझी मागणी आहे, आणि ती सर्वांसमोर करते आहे, कारण असे कागद आणखीही ठिकाणी निघतात.

मी उड्डाण प्रशिक्षक आहे. आपल्या संस्थेशी माझा संबंध कधीच आला नाही. ही विद्यार्थिनी आता माझ्याकडे शिकते आणि तिच्या संमतीनेच मी हे लिहिते आहे. तिचे नाव, आपल्या संस्थेचे नाव, विमानाचा नोंदणी क्रमांक यातले काहीही या पत्रात नाही. ज्यांना कळायला हवे त्यांना त्याशिवायही कळेल.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी आपला निष्कर्ष वाचलेला होता. म्हणून तिच्याबरोबर बसून आधी लँडिंगच पाहिले. तिचे सर्किट, म्हणजे रनवेभोवतीची ठरलेली फेरी, नीट आहे. फायनलवरचा, म्हणजे रनवेच्या रेषेत उतरतानाच्या शेवटच्या टप्प्याचा, वेग ती व्यवस्थित धरते, मध्यरेषेवर राहते, रेडिओवर गडबडत नाही. मग मी स्वतः मुद्दाम विमान थोडे कडक टेकवले, ते हातभर उसळले आणि मी म्हणाले, ‘आता तुझे.’ तिने क्षणात योक, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, पुढे ढकलला. मी तो धरून ठेवला, इंजिनाची शक्ती वाढवणारा थ्रॉटल पूर्ण दिला आणि आम्ही वर गेलो. वर गेल्यावर तिला विचारले, नाक खाली का घातलेस? ती म्हणाली, ‘मॅडम, वेग कमी होत होता. वेग कमी झाला की नाक खाली, असंच शिकवलंय.’

या उत्तरात आपल्या अपघाताचे अर्धे कारण आहे. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटते त्या स्थितीचा, सराव उंचावर होतो. तिथे नाक खाली घालणे बरोबर असते, कारण खाली भरपूर हवा असते. विद्यार्थी ती हालचाल इतक्यांदा करतो की ती हातात बसते. रनवेपासून मीटरभर उंचीवर हीच हालचाल नोजव्हील मोडते. फरक शिकवावा लागतो, हातांना शिकवावा लागतो, आणि सोलोला पाठवण्याआधी शिकवावा लागतो. आपल्याकडच्या तिच्या प्रशिक्षण नोंदींमध्ये उसळलेल्या लँडिंगमधून सावरण्याचा सराव एकदाही नोंदलेला नाही. तिला विचारले तर ती म्हणते, त्याबद्दल वर्गात सांगितले होते.

वर्गात सांगितलेले तिथे कसे पुरणार? नोजव्हील आधी किंवा तिन्ही चाके एकदम टेकली की नाक वर फेकले जाते. पंखांचा हवेशी असलेला कोन वाढतो, आणि उडण्याइतका वेग अजून शिल्लक असल्याने विमान पुन्हा हवेत जाते. वर जाताना वेग झपाट्याने उतरतो. समोर अचानक आकाश दिसते, विद्यार्थी दचकून योक पुढे ढकलतो, पण विमान त्याचे ऐकेपर्यंत ते स्वतःच खाली यायला लागलेले असते. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि नोजव्हील आधीपेक्षा जोरात आपटते. पुढची उसळी आणखी मोठी. प्रत्येक वेळी माणसाची हालचाल विमानाच्या अर्धे पाऊल मागे राहते आणि उसळी वाढत जाते. हे सगळे काही सेकंदांत घडते. त्यावर उपाय दोनच आहेत. उसळी लहान असेल तर लँडिंगची नाकाची स्थिती तशीच धरून ठेवायची, लागली तर किंचित पॉवर द्यायची आणि विमानाला बसू द्यायचे. उसळी मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल आणि गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जायचे. दुसऱ्या आपटीची वाट पाहायची नाही.

आता गो-अराउंडविषयी, कारण आपल्या निष्कर्षात ‘तिने वेळीच गो-अराउंड केले नाही’ असेही कंसात लिहिले आहे. तिने आपल्याकडे गो-अराउंड केले होते, हे खरे. ते सगळे फायनलवर, ३०० फुटांच्या आसपास, आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षकाने ‘गो-अराउंड’ म्हटल्यावर. कधी करायचे हे तिने एकदाही स्वतः ठरवले नव्हते, आणि चाके टेकल्यानंतर तर कधीच केले नव्हते. अमेरिकेच्या नियमांत सोलोआधी विद्यार्थ्याने शिकून दाखवायच्या गोष्टींची यादी आहे आणि त्यात गो-अराउंडचा स्वतंत्र उल्लेख आहे. पण यादीतला शब्द पूर्ण करणे आणि विद्यार्थ्याला तयार करणे यांत अंतर असते. पंखांमागचे फ्लॅप पूर्ण खाली आणि नाक वर ठेवणारा ट्रिम असताना थ्रॉटल एकदम पुढे केला की सेसनाचे नाक जोरात वर उठते आणि डावीकडे वळते. उजवा पाय दाबावा लागतो, योक चांगलाच पुढे धरून ठेवावा लागतो, फ्लॅप टप्प्याटप्प्याने घ्यावे लागतात. हा अनुभव पहिल्यांदा यावा तो शेजारच्या सीटवर कोणीतरी असताना.

आणि सोलोत ती शेजारची सीट रिकामी असते, याचाही परिणाम विमानावर होतो. एका माणसाचे वजन कमी झालेले लहान विमान लवकर उचलले जाते आणि लँडिंगला जास्त वेळ तरंगते. रनवेच्या जवळ, दोन्ही पंखांच्या टोकांमधल्या अंतराएवढ्या उंचीच्या आत, म्हणजे या विमानाच्या बाबतीत साधारण ११ मीटरच्या आत, जमिनीच्या सान्निध्यामुळे ते तसेही तरंगतच असते. त्यात वेग थोडा जास्त असेल तर १० टक्के जादा वेगामागे २१ टक्के जादा ऊर्जा बरोबर येते आणि ती कुठेतरी संपवावी लागते. विद्यार्थी सवयीच्या जागी विमान टेकण्याची वाट पाहतो, ते टेकत नाही, मग तो ते जबरदस्तीने टेकवतो. पहिल्या काही सोलोंत हे घडणारच, हे आपल्या प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक आहे. तिला मात्र हे कोणी सांगितले नव्हते.

त्या दिवशीच्या वाऱ्याबद्दल आपल्या चौकशीत एक शब्द नाही, आणि मला हे सर्वांत जास्त खटकले. तिने टेकऑफ केला तेव्हा वारा जवळजवळ रनवेच्या रेषेत होता. ती सर्किटमध्ये असतानाच तो फिरला. वाऱ्याचा जोर तेवढाच राहून नुसती दिशा बदलली तरी काय होते ते पाहा: १५ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा रनवेशी १० अंशांवर असेल तर आडवा वारा ३ नॉटही नसतो. तोच ६० अंशांवर आला की आडवा वारा १३ नॉट होतो. सेसना १७२च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यासाठी १५ नॉटचा आकडा आहे म्हणून १३ चालते, असे म्हणणाऱ्यांना मला सांगायचे आहे की तो आकडा चाचणी वैमानिकाने करून दाखवलेल्या लँडिंगचा आहे. नुकत्याच सोलो झालेल्या विद्यार्थ्याची मर्यादा त्याहून कितीतरी खाली असते आणि ती त्याच्या नावापुढे लिहून ठेवायची असते. तिच्या फाइलमध्ये अशी मर्यादा कुठे आहे?

तिला सोडणारा प्रशिक्षक त्या वेळी दुसऱ्या विद्यार्थ्याला घेऊन हवेत होता. जमिनीवर रेडिओचा हँडसेट हातात घेऊन, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉककडे बघत, ‘थोडे थांब, वर राहा, वारा फिरलाय’ असे तिला सांगायला कोणीही नव्हते. ते सांगितले असते तर कदाचित हे पत्रच लिहावे लागले नसते. त्या प्रशिक्षकाला मी दोष देत नाही. एकाच माणसाला सोलोवर लक्ष ठेवायला सांगायचे आणि त्याच वेळी त्याचे ड्युअल (दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबरचे) उड्डाणही लावायचे, हे वेळापत्रक त्याने बनवलेले नव्हते.

वेळापत्रकाची गोष्ट इथेच संपत नाही. या सोलोआधी तिच्या उड्डाणांत मोठा खंड पडला होता, कारण विमाने सुट्या भागांची वाट पाहत हँगरमध्ये उभी होती. नव्याने लँडिंग शिकलेल्या विद्यार्थ्याचा हात खंड पडला की सगळ्यात आधी फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर खेचण्यात, बिघडतो. डोळा रनवेच्या दूरच्या टोकाकडे जाण्याऐवजी नाकासमोरच्या जमिनीवर खिळतो आणि जमीन अंगावर आल्यासारखी वाटते. म्हणून खंडानंतर सोलोआधी त्याच दिवशी प्रशिक्षकाबरोबर सर्किट करायचे असते. ते झाले नाही. तोवर तिचे प्रशिक्षकही बदलत गेले होते. प्रत्येकाची फ्लेअर शिकवायची पद्धत वेगळी: एक म्हणायचा लवकर खेच, दुसरा म्हणायचा थांब, अजून थांब. यातला कोणता हात तिचा स्वतःचा व्हायचा?

आता चौकशीकडे वळते.

अपघातानंतर काही तासांत, डोक्याला पट्टी असताना, तिच्यासमोर टाइप केलेला जबाब ठेवण्यात आला आणि तिने त्यावर सही केली. त्यातली वाक्ये तिची नाहीत. वारा कसा वाटला, पहिल्या उसळीला काय दिसले, योक कुठे होता, काय शिकवले होते, यातला एकही प्रश्न तिला विचारला गेला नाही. अपघाताचा कोणीतरी काढलेला व्हिडिओ मात्र त्याच संध्याकाळी सगळ्या तुकड्यांच्या ग्रुपवर फिरत होता, आणि तो थांबवायला आपल्यापैकी कोणी एक ओळही लिहिली नाही. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांनी त्या व्हिडिओतून काय शिकायचे होते? लँडिंग कसे सावरायचे ते तर त्यात नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या १३व्या परिशिष्टात, जे १९५१ पासून जगभरच्या विमान अपघात चौकशांचा पाया आहे, स्पष्ट म्हटले आहे की चौकशीचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटून देणे हा नाही. ते बंधन राष्ट्रांच्या चौकशांवर आहे, संस्थेच्या अंतर्गत चौकशीवर नाही, असे आपण म्हणू शकाल. पण त्याच परिशिष्टाच्या व्याख्येनुसार फक्त प्रोपेलर आणि इंजिनापुरते मर्यादित नुकसान ‘अपघात’ ठरतच नाही. म्हणजे वाकलेले प्रोपेलर आणि कडक लँडिंग यांच्यातून शिकायचे की नाही, हे जवळजवळ सर्वस्वी संस्थेच्या प्रामाणिकपणावर सोपवलेले आहे. म्हणूनच आपण एका वाक्यात फाइल बंद करणे मला इतके गंभीर वाटते.

युरोपीय संघाचा २०१४ चा घटना-नोंदणीचा ३७६ क्रमांकाचा नियम या बाबतीत चांगली कसोटी देतो. आपला अनुभव आणि प्रशिक्षण यांना अनुरूप वागणाऱ्या माणसाला शिक्षा होऊ नये, पण जाणूनबुजून नियम मोडणे आणि घोर निष्काळजीपणा खपवून घेऊ नये, असे तो सांगतो. ही कसोटी या विद्यार्थिनीला लावा. तिने मनाई असताना उड्डाण केले नाही, कोणाला दाखवायला कमी उंचीवर विमान उडवले नाही, कोणाला न सांगता विमान घेतले नाही. तिला जे शिकवले होते तेच तिने केले, आणि जे शिकवले नव्हते ते तिला आले नाही.

आता परिपत्रक. त्याचा परिणाम आपल्याच विद्यार्थ्यांच्या वागण्यात दिसायला लागला आहे. आपल्याकडच्या एका विद्यार्थ्याने मला सांगितले की आता कडक लँडिंग झाले तरी कोणी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोषांच्या नोंदवहीत, लिहीत नाही. विमान पार्क करतात, चावी देतात, निघून जातात. मला त्या मुलांचा राग येत नाही. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेल्या मुलाने एका ओळीच्या नोंदीसाठी सगळे शिक्षण पणाला लावावे, अशी अपेक्षा कोणीही करू नये.

पण त्या न लिहिलेल्या ओळीचे पुढे काय होते ते पाहा. सेसना १७२चा पुढचा पाय फायरवॉलला जोडलेला असतो, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला. नोजव्हील जोरात आपटले की तो धक्का तिथे पोहोचतो. पत्र्याला सुरकुती पडते, रिवेट सैल होतात. बाहेरून प्री-फ्लाइट तपासणी करणाऱ्या विद्यार्थ्याला हे बहुतेक वेळा दिसत नाही. ते पाहायला काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे झाकण, उघडणारा इंजिनिअर लागतो, आणि इंजिनिअरला काउलिंग उघडायला कारण लागते. प्रोपेलरचेही तसेच. त्याचे टोक जमिनीला घासले असेल तर धक्का इंजिनाच्या आतल्या क्रँकशाफ्टपर्यंत जातो, आणि इंजिन सुरळीत चालत असले तरी आतून तपासणी करावी, असे लायकमिंगसारखे इंजिन उत्पादक सांगतात. विद्यार्थ्याने टोकावरचा ओरखडा पाहिला आणि भीतीने गप्प बसला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानात दुसरे कोणीतरी बसते. कदाचित पहिल्या सोलोला. त्याला कोणीच काही सांगितलेले नसते.

एका ठिकाणी कळलेली गोष्ट दुसरीकडे न पोहोचल्याने काय होते, हे विमान वाहतुकीने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरत असताना ठरलेल्या जागेच्या आधीच खाली आले आणि डोंगराला धडकले. ९२ माणसे गेली. उतरण्याच्या परवानगीचा जो अर्थ त्या वैमानिकांनी लावला, तोच अर्थ सुमारे दीड महिन्यापूर्वी युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी लावला होता आणि ते थोडक्यात बचावले होते. त्यांनी तसे कळवले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले. पण ती माहिती त्या कंपनीच्या बाहेर गेली नाही. या अपघातानंतर, १९७६ मध्ये, नासाच्या देखरेखीखाली अमेरिकेत अशी यंत्रणा उभी राहिली जिथे वैमानिक आपल्या चुका आणि धोके नाव गुप्त ठेवून कळवू शकतात. कळवणाऱ्याला निर्भय ठेवल्याशिवाय धोका कळत नाही, हे तेव्हापासून या क्षेत्राने मान्य केलेले आहे. आपले परिपत्रक याच्या नेमके उलट चालले आहे.

आपल्या बाजूचे म्हणणेही मला ठाऊक आहे. विमान महाग, ते दुरुस्तीला गेले की सगळ्यांचे प्रशिक्षण थांबते, विमा कंपनी हप्ता वाढवते. दंड नसेल तर मुले बेफिकीर होतील, असेही आपण म्हणाल. पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चौथी मी मानत नाही. लँडिंगला येणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या जिवाची काळजी असते, आणि त्यापुढे अनामत रकमेची भीती किती? ती भीती लँडिंगच्या वेळी कामाला येतच नाही. ती येते नंतर, पार्किंगमध्ये, टेक लॉग समोर असताना. आणि जो विद्यार्थी खरोखरच पुन्हा पुन्हा शिकवूनही सुरक्षित लँडिंग करू शकत नाही, त्याला थांबवायला आपल्याकडे प्रोग्रेस चेक आहेत, मुख्य प्रशिक्षकाचे मत आहे. त्याला वसुलीची गरज नाही.

एक गोष्ट प्रशिक्षकांच्या बाजूनेही लिहायला हवी. आपल्यासारख्या अनेक संस्थांत प्रशिक्षकाला पैसे उड्डाणाच्या तासांचे मिळतात. उड्डाणाआधीचे ब्रीफिंग आणि नंतरचे डेब्रीफिंग त्याने फुकट करायचे असते. त्यात बरेच प्रशिक्षक स्वतः तास जमवणारे तरुण असतात, एअरलाइनची वाट पाहणारे. ते मनापासून शिकवतात, पण विमानातून उतरून दहा मिनिटे विद्यार्थ्याशी बोलायला त्यांना वेळच ठेवलेला नसतो. उसळलेले लँडिंग त्या दहा मिनिटांतच समजते. हवेत असताना ते समजावून सांगता येत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रक लेखी मागे घ्या, आणि जिथे ते लावले होते तिथेच मागे घेतल्याची सूचना लावा. प्रामाणिकपणे घडलेल्या लँडिंगच्या चुकीसाठी कोणत्याही विद्यार्थ्याकडून नुकसानीचा खर्च घेतला जाणार नाही आणि ती कळवल्याबद्दल शिक्षा होणार नाही, असे त्याच सूचनेत लिहा. हेतुपुरस्सर नियम मोडणाऱ्याला हे संरक्षण नसेल, हेही लिहा. त्याला माझी हरकत नाही.

या अपघाताची चौकशी पुन्हा करा, आणि ती अशा माणसाकडून करवून घ्या ज्याच्या हाताखाली हे वेळापत्रक बनलेले नाही. विद्यार्थिनीचा जबाब तिच्या शब्दांत घ्या. वाऱ्याच्या नोंदी, तिच्या प्रशिक्षणाच्या नोंदी, खंड किती होता, त्या दिवशी सोलोला परवानगी कोणी आणि कशाच्या आधारे दिली, देखरेख कोणाकडे होती, विमानाच्या टेक लॉगमध्ये त्याआधी काय होते, हे सगळे त्यात यायला हवे. अहवालाची प्रत तिला द्या. नावे काढून तो आपल्या सर्व विद्यार्थ्यांना आणि इतर संस्थांनाही वाचायला द्या.

तिची अनामत परत करा आणि खर्चाची मागणी रद्द करा. तिला परत घ्या असे मी म्हणत नाही, ती येणारही नाही. पण तिच्या प्रशिक्षणाच्या सगळ्या नोंदी, पूर्ण आणि प्रमाणित, तिच्या हाती द्या. त्या अडवून ठेवल्यामुळे तिचे मोजलेले तास आज कागदावर अर्धवट आहेत.

पहिल्या सोलोआधी प्रत्येक विद्यार्थ्याने उसळलेले लँडिंग सावरून दाखवले पाहिजे, आणि चाके टेकल्यानंतरचे गो-अराउंड स्वतःच्या निर्णयाने करून दाखवले पाहिजे. हे दोन्ही प्रशिक्षण नोंदीत स्वतंत्र रकान्यात, तारखेसह आणि प्रशिक्षकाच्या सहीसह यावे. गो-अराउंड केल्याबद्दल विद्यार्थ्याला कोणीही टोमणा मारू नये, ‘अर्धा तास वाया घालवलास’ असे म्हणू नये. हे किरकोळ वाटेल, पण असे बोलणे ऐकलेला विद्यार्थी पुढच्या वेळी थ्रॉटलवर हात ठेवून अर्धा सेकंद विचार करतो.

प्रत्येक सोलो विद्यार्थ्याची आडव्या वाऱ्याची मर्यादा लिहून ठेवा. सोलो चालू असताना एक प्रशिक्षक जमिनीवर, रेडिओसह, दुसरे कोणतेही काम न करता हजर असावा, आणि त्याला उड्डाणे थांबवण्याचा पूर्ण अधिकार असावा. खंडानंतर त्याच दिवशी ड्युअल चेक झाल्याशिवाय सोलो नाही. विमाने कमी आहेत म्हणून यात सवलत नको.

कडक लँडिंग झाले असा कोणालाही संशय आला तर इंजिनिअरने तपासून सही करेपर्यंत विमान उभे राहील. संशय कोणी घेतला हे विचारू नका.

प्रशिक्षकांना ब्रीफिंग आणि डेब्रीफिंगच्या वेळेचे पैसे द्या.

व्हिडिओ फिरवणे थांबवा. तो आपल्याकडे अधिकृतपणे जपून ठेवा, कारण पहिल्या उसळीपासून नोजव्हील मोडेपर्यंतचा तो पुरावा आहे आणि फेरचौकशीत तो लागेल.

देखरेख करणाऱ्या यंत्रणेलाही मी याच पत्राची प्रत पाठवते आहे. प्रशिक्षण संस्थांची तपासणी करताना तिने परवाने आणि तासांबरोबर एक गोष्ट मागून पाहावी: कडक लँडिंगच्या नोंदींची वही. भरपूर विद्यार्थी असलेल्या संस्थेत ती वही कोरी असेल तर तिथे सगळी लँडिंग उत्तम होतात असा अर्थ काढू नये. तिथल्या विद्यार्थ्यांशी, प्रशिक्षक समोर नसताना, बोलून पाहावे.

माझ्या लिहिण्यात आपल्या नोंदींशी न जुळणारे काही असेल तर त्या नोंदी दाखवा, मी जाहीरपणे दुरुस्ती करेन. परिपत्रकाबद्दल मात्र थांबू नका. नवीन तुकडीच्या पहिल्या सोलो उड्डाणांची तयारी आपल्याकडे सुरू झाल्याचे मला कळले आहे. ती मुले विमानात एकटी बसण्याआधी ते मागे घेतलेले असावे.

कळावे,

आपली,
एक उड्डाण प्रशिक्षक